शेजाऱ्यांशी शुल्कमुक्त व्यापार: मालव्याच्या सोयाबीनला तारक की मारक?

इंदूरी ताळेबंद:
इंदूरच्या छावणी मंडीत सोयाबीन हमीभावाखाली उतरलं की लगेच मागणी सुरू होते: नेपाळचं तेल बंद करा, साफ्टातून बाहेर पडा. ही मागणी मालव्याच्याच मुळावर येणारी आहे असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते हिशोबानं मांडतो.

साफ्टा म्हणजे सार्क देशांमधला मुक्त व्यापाराचा करार. ६ जानेवारी २००४ ला इस्लामाबादेत सह्या झाल्या आणि १ जानेवारी २००६ पासून तो लागू झाला. २०११ साली भारतानं अल्पविकसित शेजाऱ्यांसाठीची राखीव यादी, म्हणजे सवलत न मिळणाऱ्या मालाची यादी, ४८० वस्तूंवरून २५ वर आणली, आणि त्या पंचवीसांत मुख्यतः दारू आणि तंबाखू उरले. म्हणून नेपाळ-बांगलादेशातून येणारं रिफाइंड तेल शून्य सीमाशुल्कावर येऊ शकतं. इथवर तक्रार करणाऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे.

पण १०० किलो सोयाबीनच्या गाळपातून तेल निघतं जेमतेम १८ किलो, आणि डीओसी, म्हणजे तेल काढल्यावर उरणारी पेंड, ८० किलोच्या आसपास. प्लांट शेतकऱ्याला काय भाव देणार, हे या दोन्हींच्या बेरजेवर ठरतं. तेल चढलं पण डीओसी गोदामात पडून राहिली, तर प्लांट खरेदी आवरती घेतो. अलीकडच्या हंगामांत नेमकं हेच झालं. मका आणि तांदळापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यांचा डीडीजीएस, म्हणजे उरलेला वाळवलेला चोथा, कोंबडीखाद्यात स्वस्तात शिरला आणि त्यानं डीओसीची जागा खाल्ली. नेपाळचं तेल उद्या थांबलं तरी हे दुखणं तसंच राहणार. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली गत आहे.

अर्जेंटिना-ब्राझीलची डीओसी मोठ्या जहाजांतून हजारो टनांनी जाते. त्या भावात आपण टिकत नाही. आपल्याकडे दोनच गोष्टी आहेत: जनुकबदल नसलेलं सोयाबीन आणि जवळीक. नेपाळातल्या बिराटनगरच्या पशुखाद्य कारखान्याला पाचशे टन हवे असतील तर त्याला जहाज मागवणं परवडत नाही, इथून जाणारे ट्रक परवडतात. म्हणजे आपलं नैसर्गिक गिऱ्हाईक शेजारीच आहे. तरीही दक्षिण आशियाचा आपसातला व्यापार एकूण व्यापाराच्या ५ टक्क्यांच्या आसपास अडकलाय, आणि आसियान देशांचा २० टक्क्यांच्या वर आहे. दार बंद करून हा आकडा वाढणार नाही.

पालदा तेलमिल:
डीओसीचं गणित मान्य. पण तेलाचं दुखणं इतकं किरकोळ नाही, आकडे नीट बघा.

३० मे २०२५ पासून क्रूड, म्हणजे साफ न केलेल्या खाद्यतेलावर मूळ शुल्क १०, कृषी उपकर ५ आणि या दोन्हींवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे एकूण १६.५ टक्के. रिफाइंडवर ३५.७५. इथला रिफायनर १६.५ भरून क्रूड आणतो. नेपाळातून तयार तेल येतं ते शून्यावर. त्याच्याशी लढायचं कसं?

आता साफ्टाची सवलत मिळण्याची अट बघा. अल्पविकसित देशाच्या मालात बाहेरच्या देशाचा कच्चा माल एफओबी किमतीच्या, म्हणजे निर्यातीच्या वेळच्या मालाच्या किमतीच्या, ७० टक्क्यांच्या आत हवा. म्हणजे १०० रुपयांच्या तेलात क्रूड ७० रुपयांचं आणि बाकी ३० रुपये नेपाळात घातलेले. पण नेपाळात इतकं सोयाबीन पिकत नाही. क्रूड येतं समुद्रापलीकडून, भारतीय बंदरात उतरून सीलबंद टँकरनं. ते साफ करताना गोंद आणि आम्लाची थोडी घट, रंग काढायची ब्लीचिंग माती, वाफ, मजुरी, डबे, नफा, सगळं धरा. क्रूड आणि रिफाइंडच्या भावातला फरक आपण रोज बघतो, तो ३० टक्के कधीच नसतो. मग माल नेपाळचाच असल्याच्या दाखल्यावर ३० कुठून येतात? एक तर क्रूडचं बिल कमी दाखवून, नाही तर एफओबी फुगवून.

आणि खरी मेख इथे आहे. शुल्क शून्य असल्यामुळे एफओबी फुगवायला आयातदाराला काहीच पडत नाही. एरवी किंमत वाढवली की शुल्क वाढतं, म्हणून कोणी वाढवत नाही. इथे उलट, किंमत वाढवली की माल पात्र ठरतो. वर आयातीवर भरलेला ५ टक्के आयजीएसटी (जीएसटीचाच प्रकार) क्रेडिटमध्ये परत मिळतो. नियमाची रचनाच खोट्या बिलाला बक्षीस देणारी आहे.

कस्टमचा कागद:
यावर कायदा आहे, लोक तो वापरत नाहीत. सीमाशुल्क कायद्यात २०२० साली २८डीए हे कलम आलं आणि २१ सप्टेंबर २०२० पासून त्याचे ओरिजिन नियम, म्हणजे माल मुळात कुठल्या देशाचा ते ठरवणारे नियम, लागू झाले. आता नुसता दाखला पुरत नाही. कच्चा माल कुठला, मूल्यवर्धन किती, कसं मोजलं, ही माहिती आयातदारानं फॉर्म १ प्रमाणे आधीच जवळ ठेवायची आणि पाच वर्षं जपायची. अधिकाऱ्यानं विचारलं की दहा कामकाजाच्या दिवसांत द्यायची. समाधान झालं नाही तर पडताळणी थेट दाखला देणाऱ्या देशाकडे जाते.

पालदा तेलमिल:
आणि त्या देशाला उत्तर द्यायला करारात मुदत नसेल तर साठ दिवस. तोवर तेल विकून संपलेलं असतं. शिवाय तपासायचं काय? टँकरचा नमुना प्रयोगशाळेत दिला तर ते सोया तेल आहे, आम्लता किती आहे, एवढं कळतं. त्याचं मूल्यवर्धन बाटलीत दिसत नाही. ते फक्त वहीत दिसतं, आणि वही सीमेपलीकडे असते.

देपालपूर शेती:
तुम्ही दोघं प्लांटच्या बाजूनं बोलताय. शेतकऱ्याच्या बाजूनं बघा. २०२१ च्या उन्हाळ्यात सोयाबीननं क्विंटलला दहा हजार ओलांडले तेव्हा कोंबडीवाल्यांनी ओरड केली, आणि ऑगस्टमध्ये सरकारनं १२ लाख टन जनुकबदल सोया डीओसी आणायला परवानगी दिली. कुठून? न्हावा शेवा बंदरातून, आणि बांगलादेशाला लागून असलेल्या पेट्रापोलच्या सीमेवरूनही. म्हणजे भाव चढला की शेजाऱ्याचं दार उघडतं. पण २०२५-२६ चा ५३२८ रुपयांचा हमीभाव मंडीत मिळत नाही, तेव्हा ते दार आमच्या मालासाठी कोणी उघडत नाही. शेजाऱ्यांशी खुला व्यापार दोन्ही बाजूंनी चालणार असेल तर आम्ही सोबत आहोत. हे एकतर्फी आहे.

इंदूरी ताळेबंद:
देपालपूर, तुमचा मुद्दा मी खोडत नाही. म्हणूनच करार सुधारायचा, तोडायचा नाही. आणि तेलाचा प्रश्न पहिल्यांदा आलेला नाही. पूर्वी नेपाळचं वनस्पती तूप असंच वाढलं, तर २००२ च्या करारात वर्षाला १ लाख टनांची मर्यादा घातली. ॲक्रिलिक धागा, तांब्याचा माल आणि झिंक ऑक्साइडलाही तशाच मर्यादा आल्या. श्रीलंकेशी करार १ मार्च २००० पासून लागू. तिथंही वनस्पती, मार्गरिन आणि बेकरी शॉर्टनिंग मिळून अडीच लाख टनांवर बांधलं. दोन्ही करार टिकले. रिफाइंड तेलालाही तसाच कोटा घाला.

पालदा तेलमिल:
कोटा चालेल, पण एकट्या सोया तेलावर नको. सोया बांधलं की तीच टाकी, तीच रिफायनरी सूर्यफुलावर जाते, मग पामवर. मर्यादा सगळ्या खाद्यतेलांची मिळून एकच हवी, आणि ती तिमाहीला वाटलेली हवी. वर्षाचा कोटा एकदम खुला ठेवला तर ऐन आपल्या आवकीच्या वेळी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, सगळा माल येऊन आदळेल.

आणखी एक सांगतो, हे आमच्या धंद्यातल्या अनेकांना आवडणार नाही. नेपाळच्या वाटेला जोर आपल्याच शुल्कानं दिला. १४ सप्टेंबर २०२४ ला क्रूड ५.५ वरून २७.५ वर आणि रिफाइंड १३.७५ वरून ३५.७५ वर गेलं. त्यानंतर नेपाळच्या निर्यातीत सोया तेल पहिल्या क्रमांकावर पोचलं. भिंत जितकी उंच, तितकी खिडकीची किंमत जास्त.

पीथमपूर माल वाहतूक:
शुल्कावर सगळे बोलताय, सीमेवर काय होतं तेही बघा. इथून डीओसी निघते ५० किलोच्या पोत्यांत, ४८ टक्के प्रथिनं, ओलावा १२ टक्क्यांच्या आत. पेट्रापोलला ट्रक रांगेत उभा राहतो. पलीकडे बेनापोलला पोती उतरवून बांगलादेशी ट्रकमध्ये भरायची, कारण आपला ट्रक पुढे जात नाही. बंगालच्या दमट हवेत, ताडपत्रीखाली, दोनदा हाताळलेली पोती. ओलावा वाढला की गोळे होतात, बुरशी धरते, आणि गिऱ्हाईक भाव कापतो. ट्रक सरळ जावेत म्हणून १५ जून २०१५ ला थिम्पूत बांगलादेश, भूतान, भारत, नेपाळ यांच्या मोटार वाहन करारावर सह्या झाल्या. भूताननं मान्यता दिली नाही आणि गाडं अडलं. शुल्क शून्य झालं तरी पोतं भिजत असेल, तर त्या शून्याचा आमच्या मालाला उपयोग नाही.

देपालपूर शेती:
हे पटलं. पण मागणी कुठे, कशी करायची?

कस्टमचा कागद:
वेळ आत्ताच आहे. ठरलेल्या वेळापत्रकानुसार २४ नोव्हेंबर २०२६ ला नेपाळ आणि बांगलादेश अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडतात. मग साफ्टातली ही खास सवलत त्यांना आपोआप लागू राहणार नाही, नव्यानं बोलणी करावी लागतील. नेपाळशी वेगळा द्विपक्षीय करार आहे, पण त्यात मूल्यवर्धनाबरोबर मालाचं चार आकडी शीर्षक, म्हणजे सीमाशुल्क यादीतला मालाचा क्रमांक, बदलण्याची अट आहे. सोयाचं क्रूड आणि रिफाइंड दोन्ही १५०७ मध्येच येतात. नुसत्या साफ करण्यानं शीर्षक बदलत नाही. नवी सवलत लिहिताना तेलासाठी या अटीला अपवाद द्यायचा नाही, आणि बदल्यात डीओसीला दोन्ही देशांत शून्य शुल्क आणि सीलबंद रेल्वे कंटेनर मागायचा. सोयाबीन प्रक्रिया उद्योगाची देशपातळीवरची संघटना इंदुरातच आहे. शेतकऱ्यांचं निवेदन तिच्या निवेदनासोबत वाणिज्य मंत्रालयात गेलं पाहिजे, वेगवेगळं नाही.

पालदा तेलमिल:
शीर्षकाची अट लेखी राहणार असेल तर करार तोडण्याची मागणी मी मागे घेतो. निवेदनात मूल्यवर्धन मोजताना क्रूडची किंमत नेपाळी बिलावरून न घेता, भारतीय बंदरात ट्रान्झिटच्या वेळी नोंदलेल्या किमतीवरून घ्यावी, हेही घाला. तो आकडा आपल्याच कस्टमकडे असतो.