सरकारी शाळांचा मेडिकल कोटा घटनेविरुद्ध आहे म्हणणाऱ्यांसाठी

मांजराकाठ :
तळेगावकरांनी काल लिहिलं, "तमिळनाडूचा साडेसात टक्के कोटा म्हणजे समानतेच्या कलम १४ चा सरळ भंग. नीट परीक्षा सगळ्यांना सारखी, मग मूल कुठल्या शाळेतून आलं हे विचारताच कशाला?" वाचल्यापासून डोकं तापलंय, म्हणून सविस्तर.

२०२० चा तो कायदा सरकारी शाळेतल्या मुलांसाठी मेडिकलच्या साडेसात टक्के जागा ठेवतो, पण कुणाला जागा फुकट वाटत नाही. सहावी ते बारावी सरकारी शाळेत काढलेली हवी, शिवाय नीटमध्ये पात्र ठरायला हवं. तिथल्या ६९ टक्के आरक्षणात भरही पडत नाही, प्रत्येक प्रवर्गाच्या आतूनच या जागा निघतात. त्याआधी सरकारी शाळेतून एमबीबीएसला पोचणारी मुलं बोटांवर मोजावीत इतकी. याच प्रश्नावर नेमलेल्या कलैयारसन आयोगाने १० टक्के सुचवले होते, सरकारने साडेसातच घेतले. तेव्हा तिथले राज्यपाल होते आपल्या नागपूरचे बनवारीलाल पुरोहित. त्यांची सही लांबत गेली, तेव्हा सरकारने कलम १६२ खाली, म्हणजे आपल्या कार्यकारी अधिकारात, आदेश काढला. दुसऱ्या दिवशी सही झाली. एप्रिल २०२२ मध्ये मद्रास हायकोर्टाने कायदा वैध ठरवला. आता भंग कुठे झाला ते दाखवा.

तळेगावकर :
कोर्टाने वैध म्हटलं म्हणजे न्याय झाला, असं मी मानत नाही. १९५१ साली चंपकम दोराईराजन खटल्यात सुप्रीम कोर्टाने मद्रासचं कॉलेजच्या जागांचं जातवार वाटप रद्द केलं, तर संसदेने त्याच वर्षी मागासांसाठी खास तरतुदीची मुभा देणारं कलम १५(४) घातलं. तेव्हापासून हेच चालू आहे. माझ्या मुलीची सरकारी जागा थोडक्यात हुकली. आमचं उत्पन्न आठ लाखांच्या जरा वर, म्हणून ईडब्ल्यूएसही नाही. खाजगी कॉलेजची फी ऐकून घरात कुणाला जेवण गेलं नाही. आमच्यासाठी कुठलं कलम आहे?

कोर्टाची पायरी :
तो खटला घालणाऱ्या चंपकमबाईंनी मेडिकलला अर्जच केला नव्हता, हे निकालपत्रातच आहे. पूर्ण वाचत जा. आणि ऑल इंडिया कोट्यातल्या २७ टक्के ओबीसी जागांवर सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं की परीक्षेतले गुण म्हणजेच गुणवत्ता नव्हे. त्या गुणांमागे घर, शाळा, पैसा सगळं असतं. तमिळनाडूच्या कायद्याची कच्ची बाजू वेगळी आहे. अनुदानित शाळांतली मुलं त्यातून वगळलीत. तीही गरिबाचीच असतात.

वाईकर सर :
याच मुद्द्यावर थांबा. तो कायदा जसाच्या तसा आपल्याकडे आणला तर खेड्यातल्या मुलाच्या हाती काहीच लागणार नाही. जिल्हा परिषदेची शाळा चौथी, फार तर सातवी-आठवीपर्यंत. पुढे तो संस्थेच्या अनुदानित हायस्कुलातच जातो. माझ्या वर्गातली शेतमजुराची मुलगी दहावीला शाळेत पहिली आली. लातूरच्या क्लासची फी विचारून वडील परत आले, आणि बारावीनंतर तिचा नर्सिंगचा फॉर्म भरला. तिला नीटला बसायचं होतं.

वऱ्हाडी :
लातूरचं नाव निघालंच तर बोलतो. क्लासवाल्यांच्या गावाने मागासपण सांगू नये. मेडिकल प्रवेशाचं ७०:३० हे विभागवार सूत्र होतं तोवर विदर्भातल्या ७० टक्के जागा विदर्भाच्या पोट्ट्यांना होत्या. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ते उठवलं. आता आमच्या जागा तिकडून येऊन भरतात. मेळघाटात डॉक्टर टिकत नाही, अन् कोटा कुणाला?

मांजराकाठ :
शब्द मागे घ्या. क्लास आमच्या गावात आहेत, त्यांची फी आमच्या खिशात नाही. ७०:३० होतं तेव्हा अख्ख्या मराठवाड्यात सरकारी मेडिकल चार : औरंगाबाद, अंबाजोगाई, नांदेड, लातूर. माझ्या चुलतभावाला नकार मिळाला, आणि त्याच्याहून कमी गुणांची मुलं दुसऱ्या विभागात आत गेली. काय चुकलं होतं त्याचं?

वऱ्हाडी :
चार तर चार. आमचा अनुशेष काढू का? रात्र पुरणार नाही.

तळेगावकर :
एक मिनिट. तुमच्या चुलतभावाला कमी गुणवाल्याने मागे टाकलं तर अन्याय, आणि माझ्या मुलीला टाकलं तर सामाजिक न्याय? याचं उत्तर द्या.

मांजराकाठ :
प्रश्न झोंबला, हे मान्य. पण ७०:३० फक्त विभाग बघत होतं. त्या विभागातल्या कारखानदाराच्या मुलालाही तोच फायदा. साडेसात टक्के कोटा मुलाने सात वर्षं कुठल्या वर्गात काढली ते बघतो. तुमच्या मुलीला प्रयोगशाळा मिळाली, क्लास मिळाला, अभ्यासाला खोली मिळाली. या दोन गोष्टी मी एका पारड्यात घालणार नाही.

तळेगावकर :
खोली मिळाली म्हणून तिचे कष्ट खोटे ठरत नाहीत. आणि अभ्यास बंद करून कारकुनी करायला मी तिला सांगू शकत नाही. वाईकर सरांचा मुद्दा मात्र खरा आहे. अनुदानित शाळा धरा, वर उत्पन्नाची अट घाला, तर माझा विरोध निम्मा होईल. आहेत त्याच जागांतून काढणार असाल तर नाही. आधी सरकारी जागा वाढवा.

वाईकर सर :
निम्मा तर निम्मा. पण जागा वाढेपर्यंत त्या मुलीने काय करायचं?

वऱ्हाडी :
अन् ७०:३० वर कुणी बोलणार आहे की नाही?