एक्सटर्नॅलिटीला मराठीत काय म्हणायचं? आणि 'भरपाई' नेमकी कोणाची?

शिकवणारी

नमस्कार मंडळी. एफवायबीएच्या मुलांसाठी पर्यावरणाच्या अर्थशास्त्राच्या नोट्स मराठीत लिहायला घेतल्यात आणि दुसऱ्याच पानावर अडकलेय. शब्द आहे एक्सटर्नॅलिटी. त्याला 'बाह्यता' म्हणतात, कुठेकुठे 'बाह्य परिणाम' असंही असतं. मी फळ्यावर 'बाह्यता' लिहिलं, मुलांनी वहीत उतरवून घेतलं आणि कोणीच काही विचारलं नाही, म्हणजे कोणालाच कळलं नाही.

कल्पना खरं तर अवघड नाहीये. पिगू नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने 1920 मध्ये ती नीट मांडली, त्याचं एक उदाहरण रेल्वेचं आहे, इंजिनातून ठिणग्या उडतात, रुळांच्या कडेची झाडी जळते, पण रेल्वे कंपनीच्या हिशोबात कोळसा येतो, पगार येतात, जळलेली झाडी येत नाही. ती ज्याची होती त्याच्या माथी. तर हा जो दुसऱ्याच्या माथी गेलेला खर्च आहे त्याला आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द कुठला? दुसरं म्हणजे 'पोल्यूटर पेज', म्हणजे प्रदूषण करेल त्यानेच पैसे द्यायचे, या तत्त्वाला काय म्हणता तुम्ही?

नदीकाठचा

मॅडम, आमच्याकडं याला सरळ भुर्दंड म्हणतात. आम्ही शिरोळ तालुक्यातले, पंचगंगेच्या काठचे. उन्हाळ्यात नदीला पाणी कमी झालं की वरनं काळं पाणी येतं, मासे तडफडून वर येतात, जलपर्णी तर विचारूच नका. आमची विहीर नदीपासनं हाकेच्या अंतरावर, आजोबांच्या वेळी सगळी गल्ली तिचं पाणी प्यायची. आता मार्च लागला की म्हशीसुद्धा बादलीला तोंड लावून मान फिरवतात. मग जार आणायचा, 20 लिटरचा, 30 रुपयाला, दिवसाला दोन. वडील दुधाच्या वहीत मागच्या पानावर ते लिहून ठेवतात, महिन्याला 1,800 होतात. त्या पानावर त्यांनी स्वतःच्या हातानं वर लिहिलंय, पाण्याचा भुर्दंड. ते काय अर्थशास्त्र शिकलेले नाहीत, सातवी पास आहेत.

शब्दखूण

भुर्दंड छान आहे, पण दोन शंका आहेत. एक, एक्सटर्नॅलिटी चांगलीही असते ना. शेजाऱ्याने मधपेट्या ठेवल्या आणि माझ्या डाळिंबाला फळधारणा जास्त झाली तर तो भुर्दंड कसा म्हणायचा? दोन, भुर्दंड आपण कशालाही म्हणतो, वीज महागली तरी बातमीत 'ग्राहकांना भुर्दंड' असतंच.

आणि पोल्यूटरसाठी कृपा करून 'प्रदूषक' नको. मराठीत प्रदूषक हा शब्द पोल्यूटंटसाठीही वापरतात. 'प्रदूषक पाण्यात मिसळतात' हे वाक्य रसायनाबद्दल आणि 'प्रदूषकाने भरावे' हे कारखान्याबद्दल, परीक्षेला बसलेल्या मुलाने काय समजायचं? करणाऱ्याला 'प्रदूषणकर्ता' म्हणा, पदार्थाला 'प्रदूषक' राहू द्या.

शिकवणारी

नदीकाठचा दादा, तुमच्या वडिलांच्या त्या पानाने माझा तास वाचवला, मनापासून सांगते.

शब्दखूण, तुमची पहिली शंका बरोबर आहे, पण त्यासाठी मी भुर्दंड सोडणार नाही, चांगल्या बाजूला 'आयता लाभ' म्हणेन, बोली मराठीत तोही तयारच आहे आणि त्यात मूळ गोष्ट आली, की लाभ झाला पण मोल मोजलं नाही. दोन्हीचं मिळून शास्त्रीय नाव हवं तिथे 'बाह्यता' लिहू, एकदाच, कंसाबिंसाशिवाय. दुसऱ्या शंकेबद्दल असं वाटतं की वीज महागली ती भाववाढ, तिथे भुर्दंड म्हणणं हा बातमीचा जोर झाला. भुर्दंडात आपण एक गोष्ट नक्की गृहीत धरतो, की चूक माझी नव्हती, सौदाही माझा नव्हता, तरी पैसे माझे गेले. कोकणात म्हणतात तसं, करून गेलो गाव आणि कांदळगावकाराचा नाव, म्हणजे केलं दुसऱ्यांनीच आणि नाव मात्र कांदळगावकराचं. पिगूचं सगळं म्हणणं या एका म्हणीत बसतं आणि मग त्याचा उपाय पण लगेच समजतो, जेवढा भुर्दंड दुसऱ्यावर पडतो तेवढा कर करणाऱ्यावर लावा म्हणजे तो खर्च त्याच्या स्वतःच्या वहीत येईल.

प्रदूषणकर्ता मान्य. पण तत्त्वाचं नाव मला 'करील तो भरील' असं ठेवावंसं वाटतंय, कारण मराठीतलं 'भरणे' हे क्रियापद फार समर्थ आहे, आपण पट्टी भरतो, दंड भरतो, आणि 'करावे तसे भरावे' मध्ये भरतो म्हणजे भोगतो, शिवाय खड्डा भरतो. पैसे, भोग आणि खड्डा बुजवणं तिन्ही एका शब्दात. आणि कायद्यालाही नुसते पैसे अभिप्रेत नाहीत. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले, एक राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावाचा, तिथे एच-ॲसिड हे रंगांसाठी लागणारं रसायन बनवणाऱ्या कारखान्यांच्या गाळाने विहिरी नासल्या होत्या, आणि दुसरा तमिळनाडूतल्या वेल्लोर भागातल्या चामड्याच्या कारखान्यांचा. वेल्लोरच्या निकालात स्पष्ट आहे की ज्यांना झळ बसली त्यांना भरपाई, आणि वर बिघडलेला निसर्ग पूर्ववत करायचा खर्च, दोन्ही प्रदूषण करणाऱ्याने द्यायचं.

ईटीपीवाला

मी एमआयडीसीत एका केमिकल युनिटला ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर ऑपरेटर होतो, कंपनीचं नाव घेत नाही. तुमचा भुर्दंड कुठून सुरू होतो ते सांगतो. एरेशन टाकीवर पाण्यात हवा सोडणारा 15 एचपीचा ब्लोअर असतो, तो चालला तर टाकीतले घाण खाणारे जिवाणू जगतात आणि सीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीचं माप, खाली येतो. रात्री 10 तास ब्लोअर बंद ठेवायचा असं तोंडी सांगितलेलं असायचं, लाईट बिल वाचतं म्हणून. सकाळी टाकीवर गेलं की वासावरून कळायचं, कुजक्या अंड्यासारखा, पाणी तपकिरीचं काळं झालेलं. सॅम्पल घ्यायला कोणी येणार म्हटलं की आदल्या दोन दिवस ब्लोअर चालू. मी दोनदा लॉगबुकात खरे तास लिहिले तर पान बदलायला लावलं, नंतर मी तिथली नोकरी सोडली.

आणि मॅडम, 'संमती' या शब्दाचा पण विचार करा. कारखाना चालवायला प्रदूषण नियंत्रण मंडळाची जी परवानगी लागते तिला आम्ही कन्सेंट म्हणायचो, मराठीत संमतीपत्र. गावातल्या लोकांना वाटायचं की संमती म्हणजे गावाची संमती घेतलीय का काय. ती मंडळाची असते.

शिकवणारी

दादा, तुम्ही दिलेला आकडा घेऊन बसले. 15 एचपी म्हणजे साधारण 11 किलोवॅट, 10 तासांचे 110 युनिट, 9 रुपये धरले तर रात्रीचे 1,000 रुपये वाचतात. वर्षात 300 रात्री धरा, 3 लाख.

आता दुसरी बाजू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं पर्यावरणीय भरपाईचं सूत्र आहे, प्रदूषण निर्देशांक गुणिले दिवस गुणिले रुपयांचा घटक गुणिले उद्योगाचा आकार गुणिले ठिकाण. लाल गटाचा, म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांचा, निर्देशांक 80, रुपयांचा घटक 250, लहान उद्योगाला 0.5, दहा लाखांच्या आतल्या वस्तीला 1. म्हणजे दिवसाला 10,000. ऐकायला मोठं वाटतं, पण दिवस मोजायचे ते उल्लंघन आढळलं त्या दिवसापासून सुधारणा तपासली त्या दिवसापर्यंत. वर्षात एकदा सापडले, 10 दिवसांत ब्लोअर सुरू केला, 1 लाख. वाचले होते 3. न सापडलेल्या रात्री सूत्रात येतच नाहीत आणि त्या रात्रीच तर शिरोळच्या वहीत येतात! 2024 मध्ये जल कायदा बदलला, बऱ्याच गुन्ह्यांची कैद गेली आणि 10,000 ते 15 लाखांपर्यंत शास्ती आली, म्हणजे आता बरीचशी भिस्त या रकमांवरच आहे.

म्हणून मला शब्दांचा आग्रह धरायचाय. त्या सूत्राच्या रकमेला 'भरपाई' म्हणणं मला पटत नाही. ते पैसे मंडळाच्या खात्यात जातात, पर्यावरणाच्या कामासाठीच जातात, पण ज्याची विहीर नासली त्याच्या हातात पडत नाहीत, त्याला वेगळा अर्ज करून हरित न्यायाधिकरणाकडे जावं लागतं, 2010 च्या कायद्यात कलम 15 आहे त्यासाठी. मराठीत भरपाई म्हटलं की ज्याचं नुकसान झालं त्याचं भरून निघालं असा अर्थ होतो, पीक गेलं भरपाई मिळाली, एसटीचा अपघात झाला भरपाई मिळाली. मंडळाला जाते ती शास्ती किंवा आकार म्हणा. भरपाई हा शब्द पीडितासाठी राखून ठेवा. माणसाला वाटतं भरपाई झालीय, मग हा अजून का ओरडतोय, असं वाटायला लावणारा शब्द मी मुलांना नाही देणार.

शब्दखूण

शास्तीला माझं अनुमोदन, पिंपरी-चिंचवडच्या लोकांना बेकायदा बांधकामांवरच्या शास्तीकरामुळे तो शब्द चांगला पाठ आहे. फक्त परीक्षेत मुलांनी 'पर्यावरणीय भरपाई' हे कागदावरचं नावही ओळखायला हवं, तेवढी तळटीप द्या.

शिकवणारी

हो, देते. नदीकाठचा दादा, एक विनंती, वडिलांच्या त्या पानाचा फोटो नोट्समध्ये घेतला तर चालेल का? नाव झाकून.

नदीकाठचा

वडलांना वाचून दाखवलं सगळं. ते ब्लोअरचं दोनदा वाचायला लावलं आणि बराच वेळ गप्प बसले. घ्या म्हणालेत. पण पान अर्धं कापू नका म्हणाले, डावीकडं खर्च आहे, मार्च ते जूनचे 7,200, आणि उजवीकडं जमा म्हणून रकाना आखलाय, तो कोराच आहे, तो पण दिसू दे.