चर्चा: शाळेतलं स्काउट-गाईड आता बंद का करू नये?

खवचट_खंड्या (धागाकर्ता)
२२ फेब्रुवारी आली की शाळाशाळांतून 'चिंतन दिन' होतो. फोटोला हार, गळ्यात स्कार्फ, तीन बोटांचा सलाम. चिंतन कसलं, ते विचारू नका. फोटोतले लॉर्ड बेडन-पॉवेल, म्हणजे स्काउट चळवळ काढणारे इंग्रज लष्करी अधिकारी, कोण होते, हे हार घालणाऱ्यांनी कधी तपासलंय का? १८९६ च्या मॅटाबेलेलँडातल्या (आजच्या झिम्बाब्वेत) ब्रिटिश मोहिमेत उविनी नावाच्या पकडलेल्या सरदाराला या गृहस्थांनी लष्करी खटला चालवून गोळ्या घालायला लावल्या. चौकशी झाली, निर्दोष सुटले. १९०७ च्या ऑगस्टात ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं पहिलं शिबिर भरलं. तिथे मुलांना हाक द्यायला जे कुडू हरणाचं शिंग फुंकत, तेही त्याच मोहिमेतली लूट. १९०८ च्या मूळ नियमांत निष्ठा कुणाशी? राजाशी, अधिकाऱ्यांशी, देशाशी आणि चक्क नोकरी देणाऱ्या मालकाशी! भारतात १९०९ ला बंगळुरूच्या बिशप कॉटन शाळेत पहिलं पथक निघालं, तेही गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन पोरांसाठी. आपल्याला दार बंद.
माझं म्हणणं सरळ आहे. साम्राज्याला शिपाई हवे होते म्हणून ही चळवळ निघाली. साम्राज्य गेलं, तिचीही मुदत संपली. शाळेतला स्काउटचा तास खेळाला द्या.

गाईडकॅप्टन_ताई
हार घालणाऱ्यांत मीही असते, तेव्हा उत्तर देणं आलंच. उविनीचं नाकारत नाही. पण 'दार बंद' म्हणून तुम्ही गोष्ट आटोपती घेतलीत. खरी गंमत तर तिथून पुढे आहे.
दार बंद म्हटल्यावर आपली माणसं हात जोडून उभी राहिली नाहीत. श्रीराम वाजपेयींनी शाहजहानपूरला स्वतःचं पथक काढलं. ॲनी बेझंट आणि त्यांचे सहकारी अरुंडेल यांनी मद्रासेत भारतीय मुलांची वेगळी संघटना उभारली. १९१८ मध्ये मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि वाजपेयींनी अलाहाबादेत सेवा समितीची स्काउट संघटना सुरू केली. १९२१ ला बेडन-पॉवेल स्वतः आले. बेझंटबाईंची संघटना त्यांनी आपल्यात मिळवून घेतली. सेवा समितीवाले मात्र बधले नाहीत, राजनिष्ठेची शपथ त्यांना नको होती. शेवटी ७ नोव्हेंबर १९५० ला सगळे एकत्र येऊन भारत स्काउट्स झाली आणि पुढच्या वर्षी गाईड्सही त्यात आल्या. म्हणजे शिपाई घडवायला आणलेलं हत्यार आपण काढून घेतलं आणि आपल्या कामाला लावलं. आजच्या नऊ नियमांत राजाही नाही आणि मालकही नाही. शिस्तीच्या नियमालाच सार्वजनिक मालमत्तेच्या रक्षणाची जोड आहे. वचनात ईश्वराऐवजी धर्म म्हणायची मुभा आहे.
आता तासाचं. स्काउटिंगचा जीव गणवेशात नाही, संघपद्धतीत आहे. सहा ते आठ मुली आणि त्यांच्यातलीच एक संघनायिका. शिबिरात तेरा वर्षांची पोर ठरवते की लाकडं कोण आणणार, पाणी कोण भरणार, कांदा कोण चिरणार. मी चुलीपासून वीस पावलं लांब बसते आणि तोंड मिटून घेते (हे सगळ्यात अवघड, खास करून धूर माझ्याकडे यायला लागला की). भात करपला तर करपलेला खातात. घरी एकमेकींच्या हातचं पाणी न पिणाऱ्या घरांतल्या मुली एका पातेल्यातलं वाढून घेतात, त्यावर भाषण द्यावं लागत नाही. वर्गात चाळीस मिनिटांत हे करून दाखवा.

दलवाला
ताई, पातेल्याचं पटलं. पण त्यासाठी लॉर्डसाहेबच कशाला? राष्ट्र सेवा दल १९४१ पासून हेच करतंय, मुलगे-मुली एकत्र, श्रमदान, जात मोडणं. आमच्याकडे कुणाचे बिल्ले मोजत नव्हते. तुमच्याकडे प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती पुरस्कार. मूल सेवा करतंय की जिना चढतंय?

गाईडकॅप्टन_ताई
दलाबद्दल आदरच आहे. पण तुमची शाखा किती गावांत उरलीय आणि स्काउटचं पथक किती शाळांत आहे, हे तुम्हीच सांगा. मुलींचं म्हणाल, तर १९०९ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या मेळाव्यात मुली न बोलावता स्काउट होऊन आल्या, म्हणून साहेबांना पुढच्या वर्षी गाईड्स काढाव्या लागल्या. कुणी दिलेलं नाही ते, मुलींनी घेतलंय.

जर्सीकर_बाबा
इकडे न्यू जर्सीत मुलगा ईगल स्काउटच्या (इथला सगळ्यात वरचा स्काउट दर्जा) मागे आहे. किमान २१ मेरिट बॅज आणि एक सेवा प्रकल्प, दमछाक आहे पण पोरगा बोलायला लागलाय, तेव्हा तक्रार नाही. इथली मोठी चर्चा मात्र वेगळीच. बॉय स्काउट्स ऑफ अमेरिकेने २०२० मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे ८२,००० हून अधिक दावे आले होते. आता नियम असा की एकटा मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर थांबणारच नाही, किमान दोघे हवेत. मी प्रत्येक शिबिराआधी विचारतो, दुसरं कोण? कुणी रागावत नाही. भारतात किती पालक हे विचारतात? मूल्यांची चर्चा करताय, तर इथून सुरू करा.

गाईडकॅप्टन_ताई
मुलींच्या शिबिराला बाई सोबत लागतेच. पण 'दुसरं कोण' हे पालकांनी विचारायलाच हवं, मुलांच्या शिबिरालासुद्धा.

खवचट_खंड्या
ताई, तुम्ही सांगता ते स्काउटिंग कुठे भेटतं, त्याचा पत्ता द्या. चिरंजीवांच्या शाळेतून 'खरी कमाई'चं कार्ड आलं. मुलाने शेजारपाजारची कामं करून पैसे मिळवायचे, ही मूळ कल्पना. प्रत्यक्षात पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप, 'शुक्रवारपर्यंत शंभर रुपये भरा.' मी भरले, कार्डावर 'गाडी धुतली' असं लिहिलं. गाडी आमच्याकडे नाही. दुसऱ्या एका शाळेत खरी कमाई म्हणजे आयांनी घरून करून आणलेल्या भेळेचा स्टॉल. स्काउटचा पहिला नियम, विश्वसनीय असतो! राज्य पुरस्कार हवा तो दहावीच्या वाढीव गुणांसाठी. हे नसतं, तर निम्मी पथकं उद्या बंद पडतील.

गाईडकॅप्टन_ताई
कार्डाचं चूकच आहे, झाकून ठेवणार नाही. आमच्या मुली एका म्हातारबाबांच्या अंगणातला पालापाचोळा काढून वीस रुपये आणतात, तेवढेच लिहितात. पण गुण बंद करा म्हणत असाल तर मी तुमच्या बाजूने सही करते. पथकात ३२ च्या वर मुलं घ्यायची नाहीत असा दंडक आहे, गुणांमुळे यादी त्यापुढे जाते, मग उरते ती कवायत. आणि पथक चालवणारे कोण? हिमालय वुड बॅज (पथक चालवणाऱ्यांचं वरचं प्रशिक्षण) केलेला मास्तर निवडणुकीच्या ड्यूटीवर, जनगणनेवर, राहिलेल्या वेळात पोषण आहाराच्या नोंदीवर. त्याने रविवारी शिबिर लावायचं ते स्वतःच्या खिशातून. आधी याचा विचार करू, मग फोटोचा.

दलवाला
बघा, म्हणजे गुण काढा, यादी कमी करा, रविवारी या, बिनपगारी. ताई, तुम्ही सेवा दलच सांगताय.

गाईडकॅप्टन_ताई
स्कार्फ आमचा राहील.

खवचट_खंड्या
खेळाच्या तासाचं कुणीच बोललं नाही.

गाईडकॅप्टन_ताई
कारण तो गणिताच्या सरांनी कधीच घेतलाय. स्काउटचा तास मी निदान भांडून ठेवलाय.