यात्रेत ताप तपासायला गन बरी का थर्मल कॅमेरा?

बोरीकाठ
रामराम मंडळी. वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा असते, एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी, बोरीच्या पात्रात पाळणे दुकानं सगळं. आमचं मंडळ पाणपोई लावतंच, यंदा सोबत आरोग्य बूथ पण लावायचं ठरलंय. काम एवढंच की गर्दीतून तापाची माणसं वेगळी काढायची आणि डॉक्टरांकडे पाठवायची. कोरोनातली कपाळावर धरून ताप बघायची एक गन पडलेली होती, ती घरी लावून बघितली तर दुपारी ओट्यावर बसलेल्या आजोबांना १००.९ दाखवलं आणि थोड्या वेळाने आत पंख्याखाली ९७.८. आजोबा म्हणे मला काय धाड भरली, तुमचं यंत्र दाखवा डॉक्टरला. मंडळातला एक जण म्हणतो थर्मल कॅमेरा भाड्याने आणू, एकदम वीस लोकं दिसतात स्क्रीनवर. दुसरा म्हणतो काचेचं थर्मामीटरच खरं. कोणी वापरलं असेल तर सांगा, बजेट जेमतेम आहे.

भरीतपार्टी
मे महिनामा भिंतलेबी ताप निंघी भो 😄

मीटरवाला_जळगाव
हसू नका, भिंतीला खरंच निघतो. मी दवाखान्यातली यंत्रं रिपेर करतो म्हणून सांगतो, आजोबांचं बरोबर आहे. गनला दिसते फक्त कपाळाची कातडी, तिच्यातून जे इन्फ्रारेड किरण निघतात ते पकडून आतला ताप किती असेल याचा ती अंदाज बांधते. उन्हात बसलेल्याचं कपाळ तापलेलं असतं मग आकडा वर, घाम आलेला असला आणि त्यावर वारं लागलं की आकडा खाली, म्हणजे खरा तापाचा माणूस पण त्यातून सटकतो. यात्रेत अजून एक भानगड, निम्म्या लोकांच्या कपाळावर गंध बुक्का, त्यावर टोपी नाहीतर पदर. गनला उघडी कोरडी कातडी लागते, गंधावर मारून उपयोग नाही, आणि टोपी काढल्या काढल्या पण मारू नका, थोडं थांबा.

आता मॅन्युअल काढून बघा, बहुतेक गनला हवेचं तापमान साधारण ४० डिग्री सेल्सियसपर्यंतच चालतं असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे वैशाखात दुपारी ४३-४४ सहज, म्हणजे यंत्र स्वतःच आजारी. अंतर पण त्यातच दिलेलं असतं, बऱ्याच मॉडेलला ३ ते ५ सेंमी, लोकं हातभर लांबून मारतात आणि मनगटावर मारतात, ते सगळं वाया. आणि एक बटण असतं बॉडी आणि सर्फेस असं, ते सर्फेसवर राहिलं की ताप असलेला पण नॉर्मल दिसतो. मोटर बेअरिंगचं तापमान बघायची वर्कशॉपची गन कोणी देत असेल तर घेऊ नका, तिच्यात दीड-दोन डिग्री सेल्सियस इकडेतिकडे चालून जातं, माणसाला तेवढ्यात नॉर्मलचा ताप होतो.

बोरीकाठ
मग कॅमेरा बरा ना दादा? एअरपोर्टवर तर तोच असतो

मीटरवाला_जळगाव
एअरपोर्टला एसी असतो भाऊ. कॅमेऱ्याला खोली लागते २० ते २४ डिग्रीची, दमटपणा ५० टक्क्याच्या आत, ऊन नको, पंख्याचा झोत नको, मागे तापलेला पत्रा नको. चांगल्या सेटिंगमध्ये शेजारी ब्लॅकबॉडी म्हणून एक डबी ठेवतात, तिचं तापमान पक्कं ठरलेलं असतं आणि कॅमेरा तिच्याशी ताडून बघतो. आणि माप घ्यायचं ते डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याचं, नाकाकडच्या, ती जागा आतल्या तापमानाच्या सगळ्यात जवळ असते. म्हणून माणूस एकेक उभा करायचा, चष्मा काढून, तोंड सरळ. वीस जण एकदम हे विकणारा सांगतो, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि दवाखान्यातली यंत्रं तपासणाऱ्या सरकारी खात्याने, कोरोनात एका वेळी एकच माणूस मोजा असं स्पष्ट सांगितलं होतं. नदीच्या पात्रात मांडवाखाली कॅमेरा लावला तर स्क्रीनवर सगळी यात्रा लालभडक दिसेल, भाडं तेवढं जाईल.

पाटील_सर_धुळे
यात गणित पण बघा. समजा हजार लोकं गेली आणि त्यात दहा जणांना खरा ताप आहे. यंत्र शंभरात ८० ताप पकडतं आणि नॉर्मल माणसांतल्या ९० टक्क्यांना बरोबर सोडतं असं धरू, हे धरलेले आकडे आहेत हां. मग दहातले ८ सापडले, आणि उरलेल्या ९९० मधले ९९ बिनातापाचे पण बाजूला निघाले. १०७ माणसं रांगेत, त्यात खरी ८. यंत्र वाईट नसून पण असं होतं कारण तापाची माणसंच थोडी असतात. २००३ ला सार्स नावाच्या श्वासाच्या आजाराची साथ होती, त्या वेळी कॅनडाने विमानतळांवर लाखो प्रवासी तपासले, सार्सचा एकही पेशंट त्यात सापडला नाही. वरून पॅरासिटामॉल घेऊन आलेल्याचा ताप उतरलेलाच असतो, आणि लागण होऊन ताप यायच्या आधीचा माणूस तर कुठल्याच यंत्रात येणार नाही. म्हणून दुसरी तपासणी कशाने करणार ते आधी ठरवा, पहिली कशाने ते नंतर.

सिस्टरताई_शिरपूर
सरांशी सहमत. दुसऱ्या तपासणीला साधं डिजिटल थर्मामीटर, जिभेखाली, तोंड बंद, बीप होईपर्यंत. चहा किंवा गार पाणी पिऊन पंधरा मिनिटं गेलेली हवीत, आणि तुमच्या बूथशेजारीच पाणपोई आहे म्हणून हे आधी विचारा. लहान मुलांना काखेत, तिथे आकडा अर्धा ते एक डिग्री फॅरेनहाइट कमी येतो. तोंडातलं १००.४ म्हणजे ३८ सेल्सियस, तिथून वर ताप धरा. प्रत्येकानंतर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, काखेतलं आणि तोंडातलं वेगळं ठेवा, नाहीतर लोकं बूथवरच भांडतील. काचेचं अजिबात नको, तीन-चार मिनिटं जातात आणि गर्दीत फुटलं की वाळूतला पारा कोण वेचणार. कानातलं यंत्र चांगलं आहे, दोन सेकंदात होतं, पण दर माणसाला यंत्राच्या टोकाला नवी टोपी लावावी लागते आणि कानात मळ असला की आकडा चुकतो.

माझी खरी काळजी वेगळी आहे. वैशाखातल्या गर्दीत ज्याचं अंग तापलंय त्याला इन्फेक्शनच असेल असं नाही, ऊन लागलेलं असू शकतं. १०४ च्या आसपास ताप, माणूस बरळतोय, चालताना झोकांड्या, उलटी, तर तिथे आकड्याच्या नादी लागू नका आणि तापाची गोळी पण देऊ नका, त्या तापावर ती चालत नाही. सावलीत आडवं करा, कपडे सैल, अंगभर पाणी मारून पंखा, काखेत आणि जांघेत बर्फ, आणि लगेच १०८. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका. गनवर ९९ दिसलं म्हणून अशा माणसाला सोडून देऊ नका, घामेजलेल्या कपाळावर काहीही दिसतं.

बोरीकाठ
ताई हे आमच्या डोक्यातच नव्हतं. कॅमेरा कॅन्सल. बूथ मांडवाच्या आत घेतो, दोन बाकं टाकतो, आलेल्याला पंधरा-वीस मिनिटं सावलीत बसवून मग गन आणि ज्याचं जास्त त्याला डिजिटल. बर्फाचं पण बघतो. गनवर किती आकड्याला थांबवायचं? १००.४ च?

मीटरवाला_जळगाव
ठरीव आकडा धरू नका, सावलीत पण हवा गरमच असणार. गन त्याच मांडवात अर्धा तास आधी ठेवा, गाडीच्या डिक्कीतून काढून लगेच नको. मग तुमच्याच दहा-बारा धडधाकट पोरांना मारून बघा, सगळ्यांचं ९९ येत असेल तर तिथलं नॉर्मल ते, त्याच्यापेक्षा डिग्रीभर वर दिसला की डिजिटल लावा. दुपारी परत पोरांवर ताडा कारण सकाळचं नॉर्मल तोवर बदललेलं असतं. पुढची काच स्पिरिटच्या बोळ्याने पुसत चला, पात्रातली धूळ बसते त्यावर. सेल नवीन टाका, जुन्यावर आकडे नाचतात.