चिप्स कमी भरल्या की वर राउंड करून मोकळं व्हायचं?

मोजणीदार: पोकरवरच्या कालच्या एका पोस्टमध्ये छातीठोक लिहिलंय, "टूर्नामेंटमध्ये चिप्स कमी भरल्या तर कलर-अपला सगळ्यांना वर राउंड करा, कोण मोजतंय!" (कलर-अप म्हणजे लहान किमतीच्या चिप्स काढून मोठ्या देणं.) अहो, मोजायचंच असतं. 36 एन्ट्र्या, प्रत्येकी 20,000 चा स्टॅक: 100 च्या 10, 500 च्या 8, 1000 च्या 5, 5000 च्या 2. एकूण 7,20,000, त्यात 5000 च्या बरोबर 72. हे रंगवार कागदावर नसेल तर ब्रेकमध्ये काय डोंबल पडताळणार? रीबाय, अ‍ॅड-ऑनही (पैसे भरून पुन्हा किंवा जादा घेतलेल्या चिप्स) तिथल्या तिथे त्याच कागदावर. कित्येकदा चिप हरवलेलीच नसते: न आलेल्या खेळाडूचा स्टॅक उचललेला असतो आणि एन्ट्री खोडायची राहिलेली असते.

घड्याळवाला: पोस्ट माझीच. आता हिशेब ऐका. 24 जण उरलेत, 100 च्या काढायच्यात. पाच-पाचाला 500 ची एक दिली की सुट्या उरतात 0 ते 4, वर राउंड केलं, म्हणजे त्यांनाही पूर्ण 500 ची दिली, तर माणशी सरासरी 200 वाढतात. झाले 4,800. ब्लाइंड (दर डावाला दोघांनी सक्तीनं लावायच्या लहान-मोठ्या रकमा) 500-1000 असताना 24 जणांत मिळून पाच बिग ब्लाइंडही नाहीत. एवढ्यासाठी रेस लावायची, म्हणजे सुट्या चिप्सवर पत्ते वाटत बसायचं?

मोजणीदार: त्या 4,800 खाली 5000 ची गेलेली चिप झाकली जाते, हे लक्षात येतंय का? बेरीज फक्त 200 नं कमी दिसणार, आणि तुम्ही म्हणणार "चालतंय". 2006 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटला 8,773 खेळाडू, प्रत्येकी 10,000. शेवटी टेबलावर सुमारे 20 लाख जास्त. तेव्हाही बोट कलर-अपकडेच गेलं. रेसला लागतं काय? सीट 1 पासून, सुट्या चिपमागे एक पत्ता, एकाचे सगळे देऊन मगच पुढचा. मोठा पत्ता जिंकतो. बरोबरीत इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. एकाला जास्तीत जास्त एक चिप. रेसमध्ये कुणी बाद होत नाही.

सीट_नऊ: तुमची रेस राहू द्या, चिप्स जातात टेबल तुटताना, म्हणजे एक टेबल बंद करून माणसं दुसरीकडे हलवताना! माणूस खिशात घालून निघतो, देखरेखीचा फ्लोअरवाला फोनवर. रॅक (चिप्सचा ट्रे) द्या, उघड्यावर न्यायला लावा. नजरेआड नेलेल्या चिप्स नियमाप्रमाणे जप्त, खेळाबाहेर. त्याही कागदावरून वजा करा, नाहीतर पुढच्या ब्रेकला पुन्हा "चोरी झाली".

घड्याळवाला: आणि ते बाजारातले फाशांच्या नक्षीचे सेट? तसली चिप कुणीही विकत आणून टेबलावर सरकवेल. मग तुमचा कागद काय करणार, पूजा?

मोजणीदार: कागदच सांगेल की 72 च्या 75 झाल्या! सेटवर स्वतःची छपाई हवी, हे मान्य. पण तीही पुरत नाही: अटलांटिक सिटीत बोर्गाटा कसिनोत 2014 च्या जानेवारीत 5000 च्या 160 बनावट चिप्स घुसल्या, 27 खेळाडू उरले असताना खेळ थांबला. तुमच्या पद्धतीत जास्तीचाही पत्ता लागणार नाही.

सीट_नऊ: दोघं थांबता का? 1000 आणि 5000 आधी मोजा, मग 100 चं काय करायचं ते करा.

घड्याळवाला: बरं महाराज. 5000 च्या 72 मोजून घेईन, मगच राउंड करीन. पण करीन वरच.

मोजणीदार: करा. आणि किती वाढवल्या ते लिहा.