दुसऱ्या महायुद्धात बेपत्ता झालेले आईचे मामा: डीएनए नमुना कोणी आणि कुठे द्यायचा?

नमस्कार मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

आईचे सख्खे मामा इंडियन एअर फोर्समध्ये होते. १९४४ साली ब्रह्मदेशातल्या आराकानवर व्हेन्जन्स हे बॉम्बफेकी विमान घेऊन गेले, ते परतलेच नाहीत. विमानात दोघे होते, दोघंही बेपत्ता. सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर, कबर नसलेल्या २४ हजारांहून अधिक नावांत मामांचं नाव आहे. आमच्याकडे तेवढंच.

उद्या ब्रह्मदेशच्या जंगलात ते विमान सापडलंच, तर इंजिनावरच्या क्रमांकावरून विमान कोणतं ते कळेल. पण हाडं कोणाची, मामांची की त्यांच्या साथीदाराची? तिथे डीएनएच लागणार. मामा अविवाहित होते. मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडूनच मुलांना मिळतो आणि पेशीत त्याच्या पुष्कळ प्रती असल्याने जुन्या हाडांतही तो टिकायची शक्यता जास्त. मामांचा आणि आजीचा तो एकच. आजीकडून आईला, आईकडून मला. माझ्या मुलींना मात्र माझ्याकडून तो जाणार नाही. आईला बहीण नाही आणि तिने ऐंशी ओलांडली आहे, म्हणून ही घाई. बापाकडून मुलाला जाणाऱ्या वाय गुणसूत्रासाठी भावकीत मामांच्या चुलत भावाचे नातू आहेत, ते नमुना द्यायला तयार आहेत.

बेपत्ता सैनिकांचे अवशेष शोधून ओळख पटवायला अमेरिकेचं स्वतंत्र सरकारी खातं आहे, हवाईत प्रयोगशाळा आहे. अरुणाचलात पडलेल्या त्यांच्या विमानातले अवशेष २०१६ साली त्यांनी मायदेशी नेले. नातेवाइकांचे नमुने ते आधीच घेऊन ठेवतात. राष्ट्रकुलाची रीत वेगळी: अवशेष सापडले त्याच देशात दफन, आणि केवळ ओळख पटवण्यासाठी अनामिकाची कबर उकरत नाहीत. मायदेशी आणता आलं नाही तरी चालेल, पण कबरीच्या दगडावर नाव तरी यावं असं मनापासून वाटतं.

तर स्वातंत्र्यापूर्वीच्या भारतीय हवाईदलातल्या माणसासाठी दाद कुठे मागायची, दिल्लीत की ब्रिटनच्या संरक्षण खात्याकडे? अवशेष सापडण्याआधी नमुना जपून ठेवणारं कोणी आहे का? खाजगी प्रयोगशाळेचा अहवाल पुढे ग्राह्य धरतात का?

आणखी एक. मामांचा गणवेशातला हसरा फोटो आहे, त्यात वरच्या पुढच्या दाताचा कोपरा तुटलेला स्पष्ट दिसतो. दमट मातीत हाडं विरली तरी दात टिकतात म्हणे. त्यांच्या दातांची वैद्यकीय नोंद कुठल्या दप्तरात मिळू शकेल? कोणी असा अर्ज केला असेल तर कृपया सविस्तर लिहा.