सप्ताहातील रक्तदान शिबिर: एकादशी, संकल्प आणि अर्जावरील खरी उत्तरे (मदत हवी आहे)

नमस्कार.

आमच्या गावात दर वर्षी अखंड हरिनाम सप्ताह होतो आणि गेली सहा वर्षे त्यातच रक्तदान शिबिर घेतले जाते. गावातील एका लहान मुलीला थॅलेसेमिया आहे, तिला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, आणि तिच्यासाठी धावपळ करतानाच हे शिबिर सुरू झाले. दोन वर्षांपासून त्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. मी वैद्यकीय क्षेत्रातील नाही, शाळेत शिक्षिका आहे. यंदा मला काही गोष्टी बदलायच्या आहेत, परंतु सप्ताह समितीतील ज्येष्ठांचे मन दुखवायचे नाही. म्हणून येथील डॉक्टर, रक्तपेढीत काम करणारे आणि वारकरी संप्रदायातील जाणकार अशा सर्वांचा सल्ला हवा आहे.

पहिली अडचण तिथीची आहे. सप्ताहाच्या पाचव्या दिवशी एकादशी येते आणि त्या दिवशी केलेल्या दानाचे पुण्य अधिक, या भावनेने समितीने शिबिर त्याच दिवशी ठेवले आहे. रक्तदात्यांच्या निवडीसाठी २०१७ साली देशभर लागू झालेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मात्र उपाशी किंवा उपवास धरलेल्या व्यक्तीचे रक्त घेऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे. मागच्या वर्षी निर्जळी एकादशी करणारे एक काका, ‘काही खाल्ले का’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणून रक्त देऊन उठले आणि चक्कर येऊन पडले. त्यांच्या भुवईला तीन टाके घालावे लागले. साबुदाण्याची खिचडी किंवा भगर खाऊन आलेल्या दात्याला उपाशी मानायचे की नाही, हेही मला नीट कळलेले नाही.

तिथी कदाचित बदलता येईल. मला खरी काळजी वाटते ती संकल्पाची. आदल्या रात्रीच्या कीर्तनात रक्तदानाचा संकल्प करणाऱ्यांची नावे ध्वनिक्षेपकावरून पुकारली जातात, त्यांना नारळ दिला जातो, आणि दुसऱ्या दिवशी सभामंडपात सर्वांच्या देखत एकाच टेबलावर अर्ज भरून घेतले जातात. ज्याचे नाव गावाने ऐकले आहे, त्याने शेजारी वडील आणि चुलते उभे असताना अर्जावर ‘मला अमुक आजार होऊन गेला’ असे लिहावे, ही अपेक्षाच मला चुकीची वाटते. मागच्या शिबिरानंतर तीन आठवड्यांनी माझा एक माजी विद्यार्थी घरी आला आणि रडत म्हणाला, ‘बाई, जत्रेत गोंदवून दीडच महिना झाला होता, पण माझे नाव पुकारले होते, म्हणून मी लिहिले नाही.’ गोंदवल्यानंतर किंवा कान-नाक टोचून घेतल्यानंतर बारा महिने रक्त देऊ नये असा नियम आहे, आणि जत्रेत एकच सुई किती जणांना लागते हे आपण सारे पाहतो. मी त्याच दिवशी रक्तपेढीला कळवले, तेव्हा त्याच्या रक्ताच्या सर्व चाचण्या निर्दोष आल्याचे आणि ते रक्त रुग्णांना देऊन झाल्याचे समजले. पुढे त्याची दोनदा फेरतपासणी झाली, दोन्ही वेळा काही निघाले नाही, पण ते महिने आम्ही दोघांनी कसे काढले ते आमचे आम्हाला ठाऊक.

समितीतील मंडळी म्हणतात, ‘रक्त तपासूनच देतात, मग अर्जाचे एवढे काय?’ मी वाचून समजून घेतले ते असे: दान केलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, सिफिलिस आणि मलेरिया या पाचांसाठी तपासणी बंधनकारक आहे, परंतु संसर्ग झाल्यापासून तो चाचणीत दिसेपर्यंत काही काळ जातो आणि त्या काळात रक्त निर्दोष दिसूनही रोग देऊ शकते. विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी नॅट चाचणी हा काळ कमी करते, पण तीही तो पूर्णपणे मिटवू शकत नाही. एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स वेगळ्या केल्या की ती तीन रुग्णांपर्यंत पोहोचू शकते. आमच्या गावातील मुलीने तर आजवर कितीतरी अनोळखी माणसांचे रक्त घेतले आहे, आणि त्यांतील प्रत्येकाने अर्जावर खरे लिहिले असेल या भरवशावर ती जगते आहे.

माझे विचारणे असे की, संकल्प आणि नारळ ही प्रथा न मोडता, ज्याने रक्त द्यायचे नाही त्याला मान खाली न घालता मागे फिरता येईल, अशी व्यवस्था कशी करावी? कीर्तनकार महाराजांकडून याविषयी दोन शब्द बोलून घ्यावेत का, आणि ते कसे मांडावेत? आणखी एक लहान बाब: रक्त देऊन झाल्यावर काही ज्येष्ठ सुई टोचलेल्या जागी श्रद्धेने अंगारा लावतात. त्यांना कोणत्या शब्दांत थांबवावे?

प्रतिसाद १

बाई, मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. निर्जळी करणाऱ्याचे रक्त घेऊच नये. फराळ केलेल्याचा निर्णय शिबिरातील डॉक्टरांचा; तथापि तिथी बदलता येत असेल तर तेच उत्तम. फक्त द्वादशीला महाप्रसादानंतर लगेच शिबिर नको, कारण तुपातेलाचे जड जेवण झाल्यावर प्लाझ्मा दुधाळ होतो आणि तपासणीत अडथळा येतो. सकाळी उपवास सोडून, हलका नाश्ता आणि भरपूर पाणी घेतलेले दाते यावेत.

अंगाऱ्याचा प्रश्न लहान नाही. सुई टोचण्याआधी आम्ही त्वचा जंतुनाशकाने पुसून वाळू देतो, नंतर तिथे कोणी बोटही लावलेले चालत नाही, कारण प्लेटलेट्स २० ते २४ अंशांवर ठेवाव्या लागतात आणि त्या उबेत एखादा जंतूही झपाट्याने वाढतो. रक्त देऊन झाल्यावर ती जागा म्हणजे उघडी जखमच असते. अंगारा किंवा बुक्का कपाळी लावावा, पट्टी चार तास तशीच ठेवावी, एवढे सांगितले की माणसे ऐकतात असा माझा अनुभव आहे.

अर्ज भरण्यासाठी वेगळी खोली आणि समुपदेशक मिळावा, हे रक्तपेढीला पत्र लिहूनच मागा. प्रत्येक दात्याच्या हाती रक्तपेढीचा दूरध्वनी क्रमांक असलेली चिठ्ठी द्या, म्हणजे कोणाला संकोचाने काही सांगता आले नाही तर त्याच दिवशी फोन करून ‘माझे रक्त वापरू नका’ असे कळवता येईल. चाचणीचा निकाल मात्र दात्यालाच कळला पाहिजे. आयोजकाकडे निरोप ठेवणे सर्वथा गैर आहे, आणि एचआयव्हीबाबत तर २०१७ च्या कायद्याने संमतीवाचून कोणाची माहिती उघड करण्यास मनाई आहे.

प्रतिसाद २

मी कीर्तनसेवा करतो. माउली, नावे पुकारायचीच असतील तर ‘रक्तदाते’ म्हणून न पुकारता ‘शिबिराचे सेवेकरी’ म्हणून पुकारा, आणि नारळ रक्त देणाऱ्याला, तपासणीत थांबवलेल्याला आणि पाणी वाटणाऱ्याला सारखाच द्या. मी कीर्तनात सांगतो की, डॉक्टरांनी नको म्हटल्यावर जो थांबला त्याने कोणा अनोळखी रुग्णाचे रक्षण केले, आणि तेही दानच आहे. उपवासाविषयी म्हणाल तर शरीर साथ देत नसेल तेव्हा व्रताला सवलत असते, हे आपल्या घरच्या वृद्धांनाही मान्य असते. पण रक्तदानासाठी कोणाला एकादशी मोडायला लावण्यापेक्षा एक दिवस थांबणे सर्वांना सोपे जाते. आमच्याकडे रमजानमध्ये मुस्लिम तरुणांसाठी शिबिराची वेळ रोजा सोडल्यानंतरची ठेवतात आणि ते आवर्जून येतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल समितीशी बोलले. शिबिर द्वादशीला सकाळी नऊ ते बारा या वेळेत घेण्यास सर्वांनी होकार दिला, आणि सभामंडपाऐवजी शाळेच्या दोन वर्गखोल्या वापरायचे ठरले. एका खोलीत फक्त अर्ज आणि समुपदेशन होईल, तेथे नातेवाईकांना प्रवेश नसेल. नारळ सर्वांना सारखा देण्याची सूचना अध्यक्षांना इतकी पटली की त्यांनी स्वतःच्या खर्चाने पन्नास नारळ वाढवले. ते स्वतः मधुमेहासाठी इन्सुलिन घेतात, त्यामुळे त्यांना रक्त देता येत नाही, आणि आजवर हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते.

रक्तपेढीला लिहायच्या पत्राचा मसुदा कोणाकडे तयार असल्यास कृपया येथे द्यावा. पत्र या शनिवारपर्यंत पाठवायचे आहे.